अखंड संग्रहालय सप्ताह

प्रवासाचं नियोजन हा माझा प्रांत आहे. आमच्या घरात हा ठराव एकमताने मंजूर झालेला नाही. पण एकमताची वाट बघत बसलो असतो, तर आम्ही आजवर त्र्यंबकेश्वरच्या पुढे गेलो नसतो. लोक सहलीला निघतात ते हवा खायला, समुद्र बघायला किंवा नातेवाइकांचा अंत बघायला. यात बुद्धीला काम कुठे आहे? म्हणून निवृत्तीनंतरच्या पहिल्याच थंडीत मी जाहीर केलं, की आपण नाशिकहून मुंबईला जायचं, डोंबिवलीला ताईकडे उतरायचं आणि सोमवार ते रविवार फक्त संग्रहालयं बघायची. चौपाटी नाही, खरेदी नाही, विरारची मावशी नाही.

“आठवडाभर?” बायकोने विचारलं.

“गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. लोक पारायणाला बसले की उठत नाहीत. आपण पोथीच्या जागी संग्रहालय धरायचं. अखंड संग्रहालय सप्ताह!”

“सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन असतं आणि महाप्रसाद असतो,” ती म्हणाली. “तो कुठे बसवलाय?”

महाप्रसाद मी रविवारच्या रकान्यात बसवला आणि तिची संमती मिळाली असं समजून चाललो.

सगळी नोकरी आवक-जावक रजिस्टरात गेल्यामुळे मला कोरा कागद बघवत नाही. मी तक्ता आखायला घेतला. मुंबईतलं सर्वांत मोठं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं आणि सहाला बंद होतं. म्हणजे पावणेआठ तास. म्हणजे २७,९०० सेकंद. त्यांच्याकडे वस्तू आहेत पन्नास हजारांहून अधिक. भागाकार केला तर दर वस्तूला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ येत होता. देवाच्या मूर्तीला नमस्कार करायला एवढा वेळ पुरतो, आणि राजेलोकांच्या चित्रांना नमस्कार करायचं आता कारण नाही, त्यामुळे तिथे बचत होणार होती.

“मामा, सगळ्या वस्तू मांडलेल्या नसतात. बऱ्याचशा आत ठेवलेल्या असतात,” भाच्याने फोनवर सांगितलं.

“उत्तम. म्हणजे चहाला वेळ निघाला.”

तक्त्यात मी काहीही सोडलं नव्हतं. संग्रहालयाचं नाव, स्थापना, जवळचं स्टेशन, दालनं, मिनिटं, पाणी पिण्याची वेळ, पाणी प्यायल्याच्या परिणामांची वेळ आणि शेवटी शेरा. वाराचाही रकाना होता. साप्ताहिक सुट्टीचा नव्हता. सुट्टीवर मी होतो. संग्रहालयांनी सुट्टी घेण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

सोमवारी सकाळच्या पंचवटीने आम्ही निघालो. पंचवटीत रोज मुंबईला जाऊन-येऊन नोकरी करणारे पासधारक असतात. त्यांच्याइतकी स्थितप्रज्ञ माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. शेजारच्या एका गृहस्थांना मी तक्ता दाखवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत नीट वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “सोमवारी?”

“हो, आठवड्याची सुरुवात सोमवारी होते ना.”

ते काही बोलले नाहीत. पेपर उघडून त्याच्या आड गेले. कौतुक करताना काही माणसांना संकोच वाटतो.

सोमवारच्या रकान्यात मी रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय ठेवलं होतं. बँक म्हटल्यावर कामाचा पहिला दिवस तिला द्यावा, हा त्यामागचा विचार. सीएसएमटीला उतरून, चाकांची बॅग फोर्टच्या फुटपाथवरून ओढत आम्ही सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर पोचलो. फोर्टच्या फुटपाथला बॅगेची चाकं मान्य नाहीत, त्यामुळे निम्मा रस्ता बॅगच आमच्या खांद्यावर बसून आली. बॅगेत ताईसाठी चार किलो नाशिकचा चिवडा होता. तिथे पाटी होती. सोमवारी बंद.

“हरकत नाही,” मी म्हणालो. नियोजन करणारा माणूस अशा वेळी डगमगत नाही. तो पुढचा रकाना मागे आणतो. मंगळवारचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मी जागच्या जागी सोमवारी घेतलं. काळा घोड्यापर्यंत चालत गेलो. कावसजी जहांगीर हॉलच्या दारात पुन्हा तीच पाटी. शनिवार-रविवारी प्रेक्षकांची गर्दी असते, म्हणून झाडलोट, देखभाल आणि कर्मचाऱ्यांची विश्रांती सोमवारी, अशी यामागची व्यवस्था आहे. ती जगभर अनेक ठिकाणी पाळतात, हे मला तिथल्या पहारेकऱ्याने समजावून सांगितलं. बायको तेव्हा चिवड्याच्या बॅगेवर बसली होती.

सोमवारी उघडं असलेलं एक संग्रहालय रस्त्याच्या पलीकडेच उभं होतं, आणि ते नेमकं पन्नास हजार वस्तूंचं होतं. त्याच्यासाठी मी शुक्रवारचा ताजातवाना पूर्ण दिवस राखून ठेवला होता. आता वाजले होते बारा. मी दरवाजातच उभ्या उभ्या नवा भागाकार केला. वस्तूमागे सेकंदाचा चाळिसावा-पन्नासावा हिस्सा नव्हे, पण अर्ध्याच्या खाली आपण नक्की गेलो होतो.

या इमारतीचा इतिहास मात्र मला धीर देणारा निघाला. प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने, १९०५ साली इथे कोनशिला बसवली. इमारत उभी राहीपर्यंत १९१४ उजाडलं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि संग्रहालयाच्या जागी जखमी सैनिकांचं इस्पितळ आलं. संग्रहालय म्हणून दार उघडलं ते १९२२ साली. राजपुत्राच्या बेतालाही सतरा वर्षं थांबावं लागतं, तिथे माझा एक सोमवार काय घेऊन बसलात!

वास्तुविशारद होता जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडिया त्याचाच, आणि आम्ही नुकतेच ज्याच्या बंद दारावरून आलो तो कावसजी जहांगीर हॉलही त्याचाच. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळसर दगड, विजापुरी थाटाच्या कमानी असं सगळं गोळा करून त्याने ही इमारत बांधली. मी हे बायकोला तक्त्यातून वाचून दाखवत होतो, पण तिचं लक्ष मधल्या गोल दालनात वर होतं. पहिल्या मजल्यावर कोरीव लाकडी खांब आणि महिरपी आहेत.

“हे आपल्याकडच्या वाड्यासारखं दिसतं,” ती म्हणाली.

“सगळं आपल्याकडच्यासारखंच दिसतं तुला. हे इंडो-सारसेनिक आहे.”

शेजारी एक मार्गदर्शक बाई शाळेच्या मुलांना माहिती सांगत होत्या. त्याच वेळी त्यांनी मुलांना वर बघायला सांगितलं. हे लाकूडकाम विटेटसाहेबांनी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणून इथे बसवलं आहे, असं त्या म्हणाल्या. मुलांनी वर पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. त्यात ‘गोल दालन – २ मिनिटं’ एवढंच होतं.

जुन्या नाशकात आमचाही वाडा होता. त्याला असेच खांब होते, घोड्यांची तोंडं कोरलेली. बिल्डरला जागा देताना आम्ही भावंडांनी लाकूड वाटून घेतलं आणि माझ्या वाट्याचं बरीच वर्षं बंबात घातलं. पाणी फार छान तापायचं. विटेट आणखी पंचाहत्तर वर्षं जगता आणि आमच्या आळीत येता, तर आमच्या वाडवडिलांची कला आज काचेपलीकडे असती आणि आम्ही गॅसवर पाणी तापवलं असतं.

इथून पुढे आमचे मार्ग वेगळे झाले. मी धावत सुटलो: शिल्पं, लघुचित्रं, टाटा बंधूंनी दिलेला चिनी आणि जपानी वस्तूंचा संग्रह, हत्यारं, भुसा भरलेले पक्षी. बायको खाली शिल्पदालनात एका भाजक्या मातीच्या माणसासमोर थांबली. सिंधमधल्या मीरपूरखासच्या बौद्ध स्तूपातून तो आला आहे. दीड हजार वर्षांचा आहे, हातात कमळ आहे. मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आलो तरी ती तिथेच.

“काय एवढं?”

“कमळ कसं धरलंय बघा. देऊ की नको, असं.”

मी बघितलं. अर्धा सेकंद. नंतर चिलखतांकडे गेलो.

संध्याकाळी डोंबिवलीच्या फास्टमध्ये उभं राहताना मला नवीनच काही जाणवलं. चालण्याचे स्नायू वेगळे आणि बघण्याचे वेगळे. संग्रहालयात माणूस ना धड चालतो, ना धड उभा राहतो. दोन पावलं टाकतो, थांबतो, वाकतो, पुन्हा दोन पावलं. माझा चष्मा दुहेरी काचेचा. पाटी खाली असेल तर वरच्या काचेतून दिसत नाही, खालच्या काचेतून बघायला मान मागे टाकावी लागते. वाकून मान मागे टाकायची, ही मुद्रा योगासनांत नाही. असती तर शिकवणाऱ्यावर खटला भरला गेला असता. ताईकडे पोचलो तेव्हा पोटऱ्या दगडाच्या झाल्या होत्या. त्या आणखी थोड्या जुन्या असत्या, तर संग्रहालयाने ठेवून घेतल्या असत्या.

रात्री जेवताना भाच्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, की या दुखण्याला शास्त्रात मान्यता आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयाचा थकवा’ या विषयावर लेख लिहिला. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तू नीट बघून प्रश्नांची उत्तरं द्यायला सांगितली आणि त्यासाठी त्याला कसकसं वाकावं, वळावं, बसावं लागतं याचे फोटो काढले. दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणाऱ्याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. मला गिलमन फार आवडले. पण दुसऱ्याच दिवशी रजा काढून आमच्याबरोबर आलेल्या भाच्याला तो लेख जास्त आवडला असावा. शनिवारपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर माझे फोटो फिरत होते: मामा गुडघे टेकून, मामा काचेला नाक लावून, मामा बुद्धासमोर उकिडवे, मामा अग्निशामक नळकांड्याची पाटी वाचताना.

मंगळवारी नाणेसंग्रहालय एकदाचं उघडं मिळालं. वस्तूंच्या देवाणघेवाणीपासून नाण्यांपर्यंत आणि नाण्यांपासून नोटांपर्यंत पैशाचा सगळा प्रवास तिथे मांडलेला आहे. नोटांच्या दालनात मी जरा मोठ्याने वाचू लागलो. इंग्रज सरकारच्या नोटा आधी इंग्लंडहून छापून यायच्या. १९२८ पासून त्या भारतात छापल्या जाऊ लागल्या, त्या नाशिकरोडच्या छापखान्यात.

“आपल्या प्रेसमध्ये,” बायको म्हणाली.

आम्ही राहतो नाशिकरोडला. आमच्या इमारतीत एका मजल्याआड एक घर प्रेसचं आहे. खालच्या मजल्यावरचे काका प्रेसमधून निवृत्त झाले आणि रोज संध्याकाळी बाकावर बसून नोटांविषयी काहीही न बोलण्याची शपथ पाळतात. सकाळी दूध आणायला जाताना मी ज्या भिंतीला वळसा घालतो, तिच्या पलीकडे जे छापतात, ते बघायला मी पंचवटीने मुंबईला आलो होतो.

“पण जुनी नाणी बघ,” मी विषय बदलला. “ही आपल्याकडे छापत नाहीत.”

सातवाहन आणि क्षत्रपांच्या नाण्यांपाशी मी तयारीने आलो होतो. क्षत्रप राजा नहपान याची चांदीची नाणी. त्याला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने तीच नाणी गोळा करून त्यांच्यावर आपला छाप ठोकला. नवी नाणी पाडण्यापेक्षा जुन्यावर शिक्का मारणं स्वस्त, शिवाय हरलेल्या राजाचं तोंड आपल्या शिक्क्याखाली दाबल्याचं समाधान वेगळं. अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा एक हंडाच १९०६ साली सापडला, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप होता.

“कुठे सापडला?” भाच्याने विचारलं.

ते माझ्या तक्त्यात नव्हतं. त्याने मोबाइल काढला. “जोगलटेंभी. सिन्नर तालुका, जिल्हा नाशिक.”

जोगलटेंभी म्हणजे माझ्या मावसबहिणीचं सासर. तिच्याकडे मी हुरडा खायला जाऊन आलोय. शेताच्या बांधावर बसून दोन हजार वर्षांच्या इतिहासावर मी हुरड्याची राख झटकली असेल, कुणी सांगावं! भाचा थांबायला तयार नव्हता. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था १९८० सालापासून आहे आणि तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे, असं त्याने वाचून दाखवलं. त्या फाट्यावरून आम्ही दर श्रावणी सोमवारी जातो. फाट्यावर चहा घेतो.

“अहो, आपण मुंबईला आलोय ना नक्की?” बायकोने विचारलं.

बुधवार मी बच्चेकंपनीसाठी ठेवला होता. भाच्याची पाच वर्षांची मुलगी बरोबर घेतली. भायखळ्याला राणीच्या बागेच्या दाराशीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिला बागेत पेंग्विन, आम्हाला संग्रहालयात संस्कृती, आणि सगळ्यांना एकाच स्टेशनवर उतरायचं, अशी ही योजना. इतकी देखणी योजना मी आयुष्यात केली नव्हती. बुधवारी संग्रहालय बंद असतं. बुधवारी बागही बंद असते.

“मामाआजोबा, पेंग्विनला पण सुट्टी असते?” तिने विचारलं.

“असते बाळ. सगळ्यांना असते. फक्त मामाआजोबांना नसते,” बायकोने परस्पर उत्तर दिलं.

मुलीने भोकाड पसरलं. मग फाटकाबाहेर आइसक्रीम खाता खाता मी तिला हत्तीची गोष्ट सांगितली, कारण या संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे आणि त्याची हकीकत मला मनापासून जवळची वाटते. समुद्रातल्या घारापुरी बेटावर हा भलामोठा हत्ती उभा होता. त्याला बघूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांच्या मनात आलं, की याला लंडनला न्यावं. सगळी तयारी झाली, क्रेन आली, हत्ती उचलला, आणि क्रेन तुटली. हत्तीचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आणून ठेवले, आणि ते जोडून हत्ती पुन्हा उभा राहिला १९१४ साली. पन्नास वर्षं बिचारा आपलेच अवयव शेजारी ठेवून पडून होता.

“मग तो लंडनला गेला?”

“नाही. भायखळ्यालाच राहिला.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली आणि रडायची थांबली. प्रवास फसला तर काय बिघडतं, हे त्या घरात तिलाच पहिल्यांदा कळलं.

गुरुवारी आम्ही पुन्हा भायखळ्याला गेलो. लेखात गुरुवार मी लांबवणार नाही, कारण त्या दिवशी सगळं उघडं होतं आणि माझ्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. संग्रहालय मात्र सांगण्यासारखं आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं. १८७२ साली व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावाने उघडलं आणि १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. आत गेलं की हिरवे-सोनेरी खांब, रंगीत फरशा, आणि एकोणिसाव्या शतकातली मुंबई मातीच्या बोटभर माणसांत मांडलेली: कारागीर, फेरीवाले, जातीजातींचे पोशाख, आणि पगड्या. पगड्यांपुढे बायको रमली. प्रत्येक पगडीखाली तिला एक एक नातेवाईक दिसत होता आणि त्यांतले बहुतेक माझ्या बाजूचे होते.

भाऊ दाजी स्वतः गोव्याकडचे. पेशाने डॉक्टर, संस्कृतचे अभ्यासक, जुने शिलालेख वाचणारे, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, संग्रहालयासाठी पैसा उभा करणारे. “एवढं सगळं एका माणसाने केलं?” मी म्हणालो.

“त्यांनी तक्ता केला नसेल,” बायको म्हणाली.

शुक्रवारी पेडर रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. गुलशन महल हा तिथला जुना बंगला आणि त्याच्या शेजारची नवी इमारत मिळून २०१९ साली हे संग्रहालय रीतसर सुरू झालं. इथे तरी नाशिक भेटणार नाही, अशी माझी खात्री होती. पहिल्याच काही मिनिटांत दादासाहेब फाळके समोर आले: जन्म त्र्यंबकेश्वर, १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लावला आणि मग बिऱ्हाड हलवलं ते नाशकात. पुढचे चित्रपट तिथेच काढले, देहही तिथेच ठेवला. आमच्याकडे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे मी कितीदा तरी गेलो आहे. हवा चांगली असते, भेळ चांगली मिळते. वर लेण्यांपर्यंत मात्र कधी चढलो नाही. पायऱ्या बघूनच पुरे वाटतं. त्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. मुलाने नहपानाच्या घराण्याचं काय केलं ते तिने दगडावर कोरून ठेवलंय. मंगळवारी मी मुंबईत काचेतून जी नाणी बघत होतो, त्यांच्या मालकाच्या आईचं निवेदन आमच्या रिक्षाच्या अंतरावर होतं, आणि मी खाली भेळ खात होतो.

शनिवारी गावदेवीचं मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की या घरात उतरत. दोन मजले चढून वर गेलं की त्यांची खोली आहे: बैठक, चरखे, उघडी खिडकी. खालून रोज एक पिंजारी जात असे, त्याच्याकडून गांधीजी कापूस पिंजायला शिकले. त्या खोलीत बघायला फार थोड्या वस्तू आहेत. त्यामुळे पहिल्यांदाच माझा भागाकार असा आला, की वस्तूमागे कित्येक मिनिटं मिळत होती. त्यांचं काय करायचं ते मला कळेना. मी पायरीवर बसलो आणि पोटऱ्या दाबल्या. बायको खोलीसमोर उभी होती. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. पिंजारी असाच ओरडत जात असेल, ती म्हणाली. हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

रविवारी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र ठरलं होतं. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो हे डोंबिवलीतलं शेंबडं पोरही जाणतं. पण शेंबड्या पोरांना विचारण्याची सोय माझ्या तक्त्यात नव्हती. स्टेशनवर तास-दीड तास उभे राहून आम्ही घरी परतलो. ताईने पुरणपोळ्या केल्या होत्या. दाजींनी चिवड्याचा डबा मध्ये ठेवला. महाप्रसाद ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी पार पडला. तक्त्यातला तेवढा एकच रकाना जसाच्या तसा अमलात आला, आणि तो बायकोने सुचवलेला होता, हे माझ्या लक्षात दाजींनी आणून दिलं.

नाशिकला परतल्यावर शेजारी जमले. मी तक्ता उघडला आणि माहिती द्यायला सुरुवात केली: कोणतं संग्रहालय किती वाजता उघडतं, किती दालनं, मजला कोणता, पाण्याची सोय कुठे. प्रेसमधले काका अदबीने ऐकत होते. कुणीतरी विचारलं, “पण बघितलं काय?” मी आठवू लागलो. चिनी भांडी आठवली, पण ती चिलखतांत मिसळली होती. चिलखतांवर पगड्या होत्या. एका पक्ष्याला हत्तीची सोंड होती. लघुचित्रांतला बादशहा लोकलच्या दारात उभा होता.

मग बायकोने कमळवाल्याविषयी सांगायला सुरुवात केली. त्याचं वस्त्र कसं, बोटं कशी, कमळ देता देता तो कसा थबकलाय. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सिंधच्या मातीत त्याला घडवलं, भाजलं, स्तूपावर बसवलं. चहा निवाला तरी कुणी उठेना. काकांनी तर नोटांविषयीची शपथ मोडून सांगितलं, की त्यांनाही डिझाइनच्या दालनात… आणि मग ते भानावर येऊन गप्प झाले.

या सगळ्यातून माझं मत पक्कं झालंय, आणि ते मी तक्त्याशिवाय सांगतो. सप्ताह करायचाच असेल तर हरिनामाचा करा; तिथे डुलकी लागली तरी पुण्य पदरात पडतं. संग्रहालय सलग पारायणाने संपत नाही, आणि संपवायला ते बांधलेलंही नसतं. एका वेळी एक संग्रहालय घ्या, त्यातलं एक दालन, जमल्यास त्यातली एकच वस्तू, आणि तिच्यासमोर बाक असेल तर बसा. बाकीच्या वस्तू पुढच्या खेपेपर्यंत कुठेही पळून जात नाहीत. मुंबई-पुण्याला जाण्याआधी आपल्या जिल्ह्यातलं काय काय तिथे पोचलंय, आणि काय अजून आपल्याच डोंगरावर, आपल्याच फाट्यावर आहे, तेही एकदा बघून घ्या. वाडा पाडणार असाल तर लाकूड बंबात घालण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. आणि निघण्यापूर्वी वार तपासा: रिझर्व्ह बँकेचं, आधुनिक कलेचं आणि चित्रपटांचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, भाऊ दाजी लाड आणि राणीची बाग बुधवारी.